न जेवलेला पाहुणा

१

लग्नाचं कौतुक मला सांगू नका. त्या लग्नाने ऑर्डा आणि किल्वार या दोन कुळांमधलं साठ वर्षांचं वैर मिटलं, असं बॅगपाईप वाजवणारे पाईपवाले गातात. मिटलं. मी नाही म्हणत नाही. पण पाईपवाल्यांना गाण्याचं जेवण मिळतं. मला खरं बोलायचं कुणी काही देत नाही, तेव्हा मी फुकटच लिहितो. अक्षर वाईट आहे. वाचायचं तर वाचा.

मी डूगल, ऑर्डा कुळाचा. सरदार याखनच्या गढीचं दार चाळीस वर्षं माझ्याकडे होतं. काम सोपं. आलेल्याचं हत्यार घ्यायचं, खुंटीला लावायचं, जाताना ज्याचं त्याला द्यायचं. आणि एक गोष्ट करायची नाही. पाहुणा जेवेपर्यंत त्याला नाव विचारायचं नाही. आमच्या डोंगरात निम्म्यांचं निम्म्यांशी रक्ताचं वैर. नाव आधी कळलं तर दारातून हाकलावं लागेल, नाहीतर तिथंच भोसकावं लागेल. म्हणून आधी खाऊ घालायचं. भाकरीचा तुकडा पोटात गेला की तो पाहुणा. मग त्याच्या केसाला धक्का लावायची कुणाची टाप नाही. मग दारवान पुढे होऊन विचारतो, "नाव काय म्हणायचं आपलं?" तेही माझंच काम.

आता लग्न. आमच्या सरदाराचा मुलगा टॉर्किल, आणि किल्वार सरदाराची पुतणी सोरखा. पोरगी पाळण्यात असताना तिचा बाप नदीत बुडून गेला, चुलत्याने वाढवलेली. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. हाताला हात बांधून एक वर्ष आणि एक दिवस एकत्र राहायचं, मग पाद्रीसमोर कायमची शपथ. तोवर जामीन म्हणून आमचा एक माणूस किल्वारांच्या गढीत राहणार. पोरगी वर्षाच्या आत मेली किंवा रुसून परत गेली, तर त्या माणसाला त्यांनी दारावर टांगायचं.

तो माणूस म्हणजे माझा फर्कर. सरदार याखन आणि मी एकाच बाईचं, माझ्या आईचं, दूध प्यालो. म्हणून माझा मुलगा सरदाराच्या पुतण्याजागी धरला गेला. थोरले दोघे याच वैरात गेले होते. हा एक उरलेला.

मला कुणी विचारलं नाही. दारवानाला कोण विचारतं?

२

हिवाळ्याच्या तोंडावर, मार्टिन संताच्या सणाला किल्वारवाले आले. करारात चौदा माणसं होती, चौदाच आली. चौदा कट्यारी मी चौदा खुंट्यांना लावल्या. थंडी कडक पण कोरडी होती. महिनाभर आभाळातून थेंब नव्हता, नदीतले दगडसुद्धा उघडे पडले होते.

दुपारी मोठ्या दालनात पंगत बसली. डाव्या भिंतीला आमचे, उजव्या भिंतीला त्यांचे, मध्ये पीटची, दलदलीतल्या जळाऊ मातीची ढेकळं धुमसत होती. सगळे असे गोड बोलत होते की ऐकून दात दुखावेत.

उना आमची स्वयंपाकीण. तिने मला ओट्याजवळ गाठलं.

"ए खुंटीवाल्या, चौदा म्हणालास ना?"

"चौदा."

"मग मी पंधरा पानं का वाढली? दार राखतोस की चाळण धरून बसतोस?"

"तुला चौदाच्या पुढे मोजता येत असेल तर वाढली असशील."

"जा, बघ जा स्वतः. म्हणे दारवान."

मी पाहिलं. दाराकडच्या टोकाला, दोन्ही रांगा संपतात त्यापलीकडच्या कोपऱ्यातल्या बाकावर एक माणूस बसला होता. आमच्यातही नाही, त्यांच्यातही नाही. चौकड्यांची घोंगडी डोक्यावरून घेतलेली. धूर नेमका तिकडेच वळत होता, तोंड काही दिसेना. घोंगडीच्या काठाने मात्र पाणी गळत होतं. थेंब. मग थोड्या वेळाने दुसरा. खालची फरशी काळी झाली होती.

मी मनात म्हटलं, असेल कुणी. घोड्याला पाणी पाजताना पडला असेल.

आमच्यातल्या एकाला हळूच विचारलं. तो म्हणाला, "त्यांचा आहे. आपला असता तर आधी व्हिस्कीपाशी दिसला असता." एवढ्यात त्यांच्यातला एक तांबड्या दाढीचा माझ्याकडे वळून म्हणाला, "काय हो दारवान, तुमचा तो कोपऱ्यातला म्हातारा ओलाचिंब बसलाय. अंग पुसायला फडकं तरी द्या. का ऑर्डावाल्यांकडे एकच आहे आणि ते आज सरदारांच्या टेबलावर घातलंय?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हणजे त्यांना तो आमचा वाटत होता आणि आम्हाला त्यांचा.

नाव विचारलं की उलगडा होणार होता. मी पंगत संपेपर्यंत त्याच्यावर डोळा ठेवून उभा राहिलो. त्याच्या पुढ्यात ओटची भाकरी होती, हरणाचं मांस होतं. त्याने हात लावला नाही.

जेवला नाही. मग विचारणार कसं?

३

तीन दिवसांनी चौदा माणसं निघाली. चौदा कट्यारी मी चौदा हातांत दिल्या. त्यांच्याबरोबर फर्कर निघाला.

"बा, तोंड असं काय केलंय?" तो म्हणाला. "जेवायला घालणारेत मला. तुमच्या हातची पेज तर सुटली."

"जीभ आवर तिथे. ते आपले नाहीत."

"आपल्यांपाशी तरी कुठे आवरली?"

घोड्यावर बसून गेला. वळून पाहिलं नाही, कारण मी बघतोय हे त्याला ठाऊक होतं.

मी आत आलो. चला, म्हटलं, तो ओला बाबाही गेला असेल एकदाचा. दालन रिकामं होतं. उना कोपऱ्यात वाकून जुनी भाकरी उचलत होती, ताजी ठेवत होती. ठेवून ती सरळ झाली, माझ्याकडे न बघता ओट्याकडे गेली.

तो बाकावर तसाच होता.

मी स्वतःला समजावलं. सोपं आहे. पोरीचा माणूस आहे, तिच्या सोबतीला ठेवलाय, किल्वारांनी सांगायची तसदी घेतली नाही. उद्धटच ते. त्यात चार दिवसांनी सोरखाबाई स्वतः दारापाशी आल्या. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला फटकळ.

"डूगलबाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावलो तरी तुम्हाला काय फरक पडतो, बाई?"

"पडत नाही. तुमचा तो कोपऱ्यातला माणूस मुका आहे का? रोज सकाळी मी मान लववते, तो बघतसुद्धा नाही. किल्वारची म्हणून असेल तर तसं सांगा. मीही लववायची बंद करते."

मी म्हटलं, "तो तुमचा नाही?"

"माझा? मला वाटलं सरदारांचा कुणी नातेवाईक. मग कुणाचा आहे?"

"पाहुणा आहे," मी म्हणालो.

"नाव काय?"

"जेवला नाही अजून."

तीही याच डोंगरात वाढलेली. पुढे काही विचारलं नाही.

४

हिवाळा आला. इतर कुठे असता तर अशा माणसाला लोकांनी बखोट धरून उठवला असता. आमच्यात ते बसत नाही. पाहुण्याबद्दल मागे कुजबुजणंसुद्धा वाईट. उना रोज ताजी भाकरी ठेवायची, आदल्या दिवशीची न्यायची. माणसं जेवायला बसताना एक एक जागा सरकून बसू लागली. कुणी कुणाला सांगितलं नाही. नाताळापर्यंत त्या बाकाजवळचे तीन बाक मोकळे झाले. कुत्री चुलीला वळसा घालून जात.

मी ठरवलं, याची चोरी पकडायची. माणूस वर्षभर काय, आठवडाभरही उपाशी राहत नाही. कुणाची नजर नसताना खात असणार. मग एका दिवशी उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिलो. हिवाळ्यातला दिवस आमच्याकडे असतो तरी केवढा. कट्यारींना चरबी लावायची म्हणून मांडीवर घेतल्या, म्हणजे कुणी हसायला नको.

भाकरीवर उनाने लोण्याचा गोळा ठेवला होता. चुलीजवळचं लोणी तासाभरात वितळून जातं. माझ्या भाकरीवरचं गेलं. त्याच्या भाकरीवरचं गोळाच्या गोळा राहिलं. थेंब पडत होते. मी मोजायला लागलो. दोन थेंबांमध्ये माझे सात श्वास. दर वेळी सात. मी मुद्दाम श्वास भरभर घेतला. तरी सातच.

दुपारी कधीतरी धूर जरा बाजूला झाला. गुडघ्यावर ठेवलेला एक हात दिसला. धुणं धुणाऱ्या बाईचा असतो तसा, पांढरा, सुरकुतलेला. बोटांची टोकं फुगलेली. मी कट्यार पुसत राहिलो. पुसता पुसता माझंच बोट कापलं ते मला रक्त मांडीवर आल्यावर कळलं.

संध्याकाळी उना भाकरी न्यायला आली.

"काय रे, पकडलास चोर?"

"गप बस."

"मी गपच आहे. सतरा वर्षं गप आहे," ती म्हणाली आणि भाकरी उचलून गेली.

मला तेव्हा पहिल्यांदा थंडी वाजली. हिवाळ्याची नव्हे.

५

आता हे सांगावं लागेल. सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सरदार याखन लग्नाच्या पंगतीनंतर दालनात जेवायला उतरलेच नव्हते. गुडघे दुखतात म्हणून वरच्या खोलीत ताट नेत असत. मी जिना चढून गेलो. माझे गुडघे त्यांच्यापेक्षा वाईट.

"धनी, खाली कोण बसलंय?"

ते खिडकीतून बाहेर बघत होते. "तू दारवान. तू सांग."

"मी आत घेतला नाही त्याला."

"घेतलास," सरदार म्हणाले. "सतरा वर्षांपूर्वी. बाहेर काढलास का, ते आठव."

सतरा वर्षांपूर्वी किल्वार सरदाराचा धाकटा भाऊ इव्हर एकटाच आमच्या दारी आला होता. तह करू म्हणून. कट्यार काढून माझ्या हातात दिली. मी त्याला त्याच कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. वरून सरदारांचा निरोप आला: स्वयंपाकघरात सांग, याला काही वाढायचं नाही. मी उनाला सांगितलं. ती तेव्हा नवी होती. सकाळपासून दुपार टळेपर्यंत तो बसून राहिला. बाकीचे त्याच्यासमोर जेवले. त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मागितलं नाही. पाहुणा मागत नाही.

जेवला नाही, म्हणजे पाहुणा झाला नाही. म्हणजे पाप नाही. असा हिशेब होता आमचा, आणि मला तो तेव्हा चांगला वाटला होता. माझा थोरला त्याच उन्हाळ्यात किल्वारांच्या हातून गेला होता.

दुपार टळल्यावर चौघांनी त्याला नदीच्या उताराशी नेलं, जिथून लोक पायी पार होतात. अंगावर जखम नको, एवढं सरदारांनी बजावलं होतं. धरणाऱ्यांत मी नव्हतो. मी काठावर होतो. किल्वारांना कळवलं, तुमचा माणूस परत जाताना वाहून गेला. त्यांना प्रेत सापडलं, जखम नव्हती, त्यांनी मानलं. आता लग्नाच्या तहात दोन्ही बाजूंचे मेलेले मोजून फिटंफाट केले, त्यात तो धरलाच नव्हता.

सोरखा त्याची मुलगी.

"तिला कळलं तर?" मी विचारलं.

"तर ती जाईल," सरदार म्हणाले. "आणि तुझा पोरगा टांगला जाईल. म्हणून कळणार नाही. जेवत नाही ना तो?"

"नाही."

"मग नाव विचारायचा प्रश्न नाही. वर्ष काढ, डूगल."

फेब्रुवारीत सरदार वारले. हे माझ्या एकट्याकडे राहिलं. उनाकडेही होतं म्हणा, पण आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

६

मी काय सांगतो त्यावर विश्वास ठेवा, मला त्या पोरीचं वाईट चिंतायचं नव्हतं. उन्हाळ्यापर्यंत ती आणि टॉर्किल एकमेकांना चक्क आवडू लागले होते. सुरुवातीला दोघं एका टेबलावर दोन परक्या बैलांसारखी बसत. मग एकदा तिने भर दालनात त्याच्या दाढीला मेंढीचं शेपूट म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो दाढी काढून आला, आणि ती हसता हसता रडकुंडीला आली. "अगं आई, खाली हनुवटीच नाही की! ठेवा, ठेवा परत." तेव्हापासून जमलं. गुरं डोंगरावर चरायला नेली तेव्हा तोही तिच्यामागे गेला. सरदार झालेला माणूस, ताक घुसळायला.

किल्वारांकडून निरोप येत. फर्कर मजेत होता. त्यांच्या म्हाताऱ्या सरदाराला सोंगट्या खेळायला शिकवत होता आणि हरवत होता. निरोप्या म्हणाला, "तुमचा पोरगा पाहुण्यारावळ्यांत फार चांगला. आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून चालवतो." मला बरं वाटलं. घरी तर मला कधी धरलं नाही.

एकेक दिवस मी दाराच्या चौकटीवर रेघ मारून काढत होतो. सगळं सुरळीत होतं. एकच गोष्ट होती, डोंगरावरून परतल्यापासून सोरखाबाई त्या कोपऱ्याकडे जास्त बघू लागल्या होत्या.

"डूगलबाबा, या घरात एक माणूस वर्षभर उपाशी बसलाय."

"त्याची मर्जी, बाई."

"मी टॉर्किलना विचारलं. ते म्हणाले, वडिलांच्या वेळचा आहे, वडील म्हणायचे राहू दे. मला नाही राहवत." तिने आवाज खाली केला. "तुम्हाला हसू येईल. मी जवळ गेले की मला भूक लागते. पोट भरलेलं असलं तरी. आतडी पिळवटतात अशी भूक."

मला हसू आलं नाही.

"शपथेच्या दिवशी सुनेने स्वतःच्या हातची पहिली भाकरी घरात वाढायची असते ना?" ती म्हणाली. "ती मी आधी त्याला देणार. सुनेच्या हातची कुणी परत करत नाही."

"सरदारांना आधी द्यायची असते."

"सरदार भरल्या पोटी थांबतील."

मी म्हणालो, बाई, नको. ती म्हणाली, का? मी चौकटीवर त्या दिवसाची रेघ मारायला वळलो.

७

एक वर्ष आणि एक दिवस झाला. भर दुपार, लख्ख ऊन. किल्वारांची चौदा माणसं पुन्हा आली, हत्यारं माझ्याकडे देऊन उजव्या भिंतीला बसली. त्यांच्यामध्ये फर्कर. जाड झाला होता. शपथ झाली की त्याला माझ्या स्वाधीन करायचं, तोवर तो त्यांचा. त्याने लांबूनच मला भुवई उडवून दाखवली. पाद्री टेबलापाशी उभा होता.

सोरखाबाईंनी भाकरी आणली. सरळ कोपऱ्याकडे गेल्या. माणसांनी पेले खाली ठेवले.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्या हातची आहे. करपली असेल थोडी. पण घ्या."

थेंब पडायचा थांबला. मी सात श्वास मोजले, मग आणखी सात. थेंब पडला नाही.

मग तो पांढरा हात वर आला. भाकरी घेतली. घोंगडीच्या आत नेली. चावल्याचा आवाज आला, ओली माती तुडवल्यासारखा. सगळी खाल्ली. शेवटी तळव्यावरचे कणसुद्धा. सोरखाबाईंचा चेहरा खुलला, लहान पोरीसारखा. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग टॉर्किलने पाहिलं. मग सगळ्यांनीच.

जेवला होता. आता दारवानाने विचारायचं.

मी पुढे गेलो. चाळीस वर्षांत इतकं लांब दालन मी चाललो नाही. त्याच्यासमोर उभा राहिलो. उजवीकडे चौदा किल्वार, त्यांच्यात माझा मुलगा, दोन्ही बाजूंनी माणसं चिकटून बसलेली. मी विचारलं तर हा सांगणार. सांगितलं तर शपथ होणार नाही.

मी विचारलं नाही.

मी वळून दालनाला सांगितलं, "नाव मला ठाऊक आहे. हा उत्तरेकडचा गुराखी, डोनल. माझा जुना ओळखीचा. मुका आहे बिचारा, आणि नवस होता त्याचा, म्हणून उपास."

कोपऱ्यातून घोंगडी किंचित हलली. त्याने मान डोलावली. म्हणजे हो. मी जे दिलं ते त्याने घेतलं.

तांबड्या दाढीचा ओरडला, "घ्या! म्हणजे आमचाही नव्हता आणि तुमचाही नव्हता! वर्षभर आम्ही तुम्हाला शिव्या देतोय, ओल्या म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडतात म्हणून!" दालनभर हशा पिकला. पाद्रीने हात वर केला. दोघांनी शपथ घेतली. फर्कर बाकावरून उडी मारून माझ्याकडे आला आणि त्याने मला उचललं. मला, या वयात, सगळ्यांसमोर.

"बा, हलके झालात. उना जेवायला घालत नाही का?"

मी त्याला धरून ठेवलं. मी रडलो असेन. कोण लक्षात ठेवतं.

८

गर्दी, पाईप, व्हिस्की. त्यात कोपऱ्यातला माणूस उठला.

वर्षभरात पहिल्यांदा. दारापाशी जाऊन थांबला, पाठ आमच्याकडे करून. निघालेला पाहुणा असाच थांबतो. जेवलेल्या पाहुण्याला घरच्या माणसाने वाटेवर काही अंतर सोबत करायची असते, आमच्याकडून निघणाऱ्याला नदीच्या उतारापर्यंत. आणि तो माझा ओळखीचा, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

"तुमचा डोनल थांबलाय, बा," फर्कर म्हणाला. "बसा तुम्ही. त्या गुडघ्यांनी कुठे जाताय? मी सोडून येतो."

"नको."

"अहो, येतोच की. भाकरी गार व्हायच्या आत."

"फर्कर, नको म्हणतो ना."

"का?"

तोच प्रश्न. आजूबाजूला चौदा किल्वार हसत उभे होते. सोरखाबाई टॉर्किलच्या हातात हात घालून आमच्याकडेच बघत होत्या. मी तोंड उघडलं. ते नाव माझ्या जिभेवर आलं होतं, खरं सांगतो. मी उभा राहिलो. मग तोंड मिटलं.

पोराने हसून माझ्या खांद्यावर थोपटलं, गेला, आणि दारातल्या त्या माणसाचा हात अदबीने आपल्या हातात घेतला.

किती वेळ मी तसा उभा होतो, मला ठाऊक नाही. पाईपवाल्याचं एक गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं एवढं आठवतं. मग मी पळालो. दार उघडं टाकून.

उतारावर पोहोचलो तेव्हा ते दोघं पाण्यात शिरले होते. फर्करने त्याला हाताला धरून दगडांवरून सांभाळून नेलं होतं. काठापर्यंतच सोडायची रीत आहे. पण हा पोरगा पलीकडे पोहोचवायला निघाला होता. चांगली सवय लागली होती ना त्याला. मी हाक मारली. पाण्याच्या खळखळीत ऐकू गेली नसेल.

मध्यावर ते थांबले. मी मुका ठरवलेला तो आधी काहीतरी बोलला असावा. फर्कर त्याच्याकडे वाकून काहीतरी बोलला. काय बोलला ते लांबूनही मला कळलं. जेवल्यानंतर मी विचारायला हवं होतं तेच. त्या माणसाने डोक्यावरची घोंगडी मागे सारली. माझ्याकडे त्याची पाठ होती. केस मानेला चिकटलेले दिसले, बस. मी त्याच्याकडे आणखी पाहिलं नाही, फर्करच्या तोंडाकडे पाहिलं. तो ऐकत होता. बराच वेळ ऐकत होता.

मग माझ्या मुलाने वळून काठावर पाहिलं, मी उभा होतो तिथे. घाबरला नव्हता. ओरडला नाही. मी कोण आहे हे आठवायला वेळ लागावा तसा बघत राहिला.

मग त्याने तोंड फिरवलं आणि त्या हाताला धरून पुढे चालू लागला. गेला.

पलीकडच्या काठावर कुणी चढलं नाही. आणि पाऊस नव्हता झाला, नदीला पूर नव्हता. पाणी गुडघ्याएवढं होतं. पाद्रीसमोर, हव्या त्या शपथेवर सांगतो, गुडघ्याएवढंच होतं.